जुने बाक, टेबल आणि घसरगुंडी: रंग कुठे लावू नये, तिथून सुरुवात करा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलांचे एक लाकडी टेबल, दोन बुटके बाक, लोखंडी नळीची एक खुर्ची आणि प्लास्टिकची छोटी घसरगुंडी एवढे सामान कित्येक वर्षे उघड्यावर आहे. टेबल आणि घसरगुंडी आठ-दहा वर्षांची, बाक मात्र आधीच्या पिढीपासूनचे. मुले तीन आणि सात वर्षांची आहेत. मागच्या वर्षी घसरगुंडीला ऑइल पेंटचे दोन हात दिले आणि तो रंग महिन्याभरात सालीसारखा सुटून आला. आता सगळेच पुन्हा रंगवायचे आहे, पण केवळ नवे दिसावे म्हणून नव्हे, तर मुलांनी त्यावर स्वतःचे खेळ रचावेत म्हणून. त्यासाठी रंग कोणता घ्यावा, तयारी काय करावी आणि वर काढावे तरी काय, असे आपण विचारले आहे.

मुलांचे खेळसामान दुरुस्त करून रंगवण्याचे काम मी बावीस वर्षे करीत आहे. या कामात सर्वांत उशिरा शिकलेली गोष्ट मी सर्वांत आधी सांगतो: रंगाचा डबा उघडण्यापूर्वी हातात खडू घ्यावा आणि जिथे रंग लावायचा नाही अशा जागांवर फुल्या माराव्यात. मूल जी कड दातांखाली धरते तिथे फुली, पाणी साचते त्या खळग्यात फुली, वाळू घासली जाते तिथे फुली, घसरगुंडीच्या घसरण्याच्या भागावर फुली, बिजागरीत फुली आणि दाबल्यावर वाकणाऱ्या प्लास्टिकवरही फुली. या जागांवर रंग टिकत नाही, किंवा टिकलाच तर तो मुलाच्या पोटात जाण्याची भीती असते. शिवाय टेबलाच्या मध्यभागी एक मोठी फुली मी केवळ खेळासाठी मारतो; तिचे कारण पुढे येईल.

आता बाकांकडे वळू, कारण खरी काळजी त्यांचीच आहे. आधीच्या पिढीच्या लाकडावर जुन्या रंगाचे थर असतील, तर त्यांत शिसे असण्याची शक्यता गृहीत धरूनच चालावे. पिवळ्या रंगासाठी शिशाचे क्रोमेट, लोखंडाच्या अस्तरासाठी (प्रायमरसाठी) शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड आणि रंग लवकर वाळावा म्हणून शिशाचे क्षार, असा शिशाचा वापर रंगधंद्यात सर्रास होता. अमेरिकेने घरगुती रंगांत शिशाला बंदी घातली ती १९७८ मध्ये, आणि अनेक देशांत ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आली. वाळलेल्या रंगात शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, अधिक नसावे ही आज जगभर शिफारस केली जाणारी मर्यादा आहे. जुन्या रंगात ते याच्या शेकडोपट असू शकते. मुलाच्या रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते. धोका रंगाच्या अखंड थरात फारसा नसतो. तो असतो थर घासल्यावर उडणाऱ्या धुळीत आणि सुटलेल्या पापुद्र्यांत. म्हणूनच उत्साहाने पॉलिश पेपर घेऊन कोरडे घासायला बसणे ही या कामातील सर्वांत घातक चूक ठरते. बाजारात मिळणाऱ्या, घासून रंग बदलणाऱ्या चाचणीकांड्या अंदाजापुरत्या ठीक आहेत, पण त्या दोन्ही बाजूंनी चुकतात. सर्व थरांसह खरवडलेला एक तुकडा प्रयोगशाळेत तपासून घेणे हाच भरवशाचा मार्ग.

शिसे निघाले तर माझे मत सरळ आहे: बाकाची आठवण मोलाची असली तरी त्याच्या फळ्या मोलाच्या नाहीत. माप घेऊन नव्या फळ्या कापाव्यात, पायही शंकास्पद असतील तर तेही बदलावेत, आणि जुने लाकूड न जाळता, न तासता, घातक कचऱ्यासाठी जी व्यवस्था असेल तिच्याकडे द्यावे. शिशाचा रंग उतरवण्याच्या सुरक्षित पद्धती आहेत, परंतु दोन बाकांसाठी तो खटाटोप, तोही तीन वर्षांचे मूल असलेल्या घरात, मी कोणालाही सुचवत नाही.

रंग नसलेल्या जुन्या लाकडालाही एक प्रश्न विचारावा लागतो. लाकडात हिरवट झाक असेल आणि ते कारखान्यात दाबाखाली रसायन मुरवलेले पाइनसारखे लाकूड असेल, तर त्यात क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांचे मिश्रण असू शकते. घरगुती वापरासाठी असे लाकूड तयार करणे अमेरिकेतील उत्पादकांनी २००३ अखेर थांबवले, पण आधीचे सामान वापरात राहिलेच. असे लाकूड घासू नये आणि कधीही जाळू नये; ते ठेवायचेच असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन त्यावर रंगाचा अखंड थर चढवावा आणि तो दरवर्षी तपासावा.

टेबलाचे लाकूड निर्धोक आहे असे धरून आता तयारीचे सांगतो. आधी दुरुस्ती, मग धुणे, मग वाळवणे, मग घासणे. हा क्रम उलटा केला की काम दुप्पट होते. हलणारे सांधे पुन्हा चिकटवावेत, वर आलेले खिळे काढून त्यांच्या जागी न गंजणारे स्क्रू बसवावेत आणि त्यांची डोकी लाकडात बुडवून वर लांबी (पुटी) भरावी. शेवाळ व बुरशी कोमट साबणपाण्याने आणि ताठ ब्रशने जाते. न गेल्यास पातळ केलेले ब्लीच वापरता येते, मात्र त्यात दुसरे कोणतेही साफ करण्याचे द्रव्य मिसळू नये, कारण आम्ल किंवा अमोनिया मिसळल्यास विषारी वायू निघतो. धुतल्यावर टेबल उलटे करून हवेशीर सावलीत ठेवावे. लाकूड वरून वाळते ते एका दिवसात, आतून वाळायला आठवडा लागू शकतो. आर्द्रतामापक मिळाला तर तो १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत थांबावे. लाकडाच्या पोटात राहिलेले पाणी ऊन लागले की वाफ होऊन बाहेर येऊ पाहते, आणि रंगाखाली जे फुगे दिसतात ते बहुतेक वेळा याच पाण्याचे असतात.

उन्हापावसाने करडे पडलेले लाकूड अनेकांना टणक वाटते, पण त्याचा वरचा थर मेलेला असतो. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारे लिग्निन उन्हातील अतिनील किरणांनी तुटते आणि मागे राहतात ते सुटे, लोकरीसारखे तंतू. त्यावर दिलेला रंग त्या तंतूंना चिकटतो आणि तंतूंसह उतरतो. दोष मात्र रंगाला दिला जातो. करडा थर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढून ताजे, उजळ लाकूड दिसू लागले की १२० ने घासावे. मुलांच्या उघड्या मांड्या जिथे टेकतात तिथे १८० चा एक हात फिरवून थांबावे. त्याहून गुळगुळीत केल्यास अस्तराला धरायला जागा राहत नाही. घासायचे ते लाकडाच्या रेषेच्या दिशेने, तोंडाला धूळरोधक मास्क लावून आणि मुले जवळपास नसताना. शेवटी जुना नायलॉनचा मोजा हातात घालून सगळीकडे फिरवावा. डोळ्यांना न दिसणारे कुसळ मोज्याला अडकते, आणि मोज्याला जे अडकते ते मुलाच्या तळहातात शिरल्याशिवाय राहत नाही.

याच टप्प्यावर सगळ्या कडा गोल कराव्यात. हे लागू नये म्हणून करतो असे सगळे समजतात, आणि ते खरेही आहे. पण रंगाऱ्याचे कारण वेगळे असते. ओला रंग धारदार कडेवरून दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि नेमक्या कडेवर थर सर्वांत पातळ राहतो, म्हणून रंग उडण्याची सुरुवात कडेपासून होते. दोन-तीन मिलिमीटरची गोलाई दिली की थर सगळीकडे सारखा बसतो.

दुसरी दुर्लक्षित जागा म्हणजे पायांचे तळ. बाकाचा पाय उलटा करून पाहिलात तर करवतीने आडव्या कापलेल्या टोकावर बारीक छिद्रांची जाळी दिसेल. झाड ज्या नळ्यांतून पाणी वर नेते त्यांचीच ही तोंडे आहेत, आणि झाड तोडल्यावरही त्या पाणी वर ओढतच राहतात. या टोकावर पातळ केलेले अस्तर लावले की ते क्षणात गायब होते. पुन्हा लावावे, पुन्हा गायब होते. तिसऱ्या-चौथ्या वेळेला वर चकाकी राहते, तेव्हा टोक भरले असे समजावे. हे काम एकूण वीस मिनिटांचे आहे आणि माझ्या अनुभवात बाकाच्या आयुष्यात दोन-तीन वर्षांची भर घालणारे आहे. लाकडात गाठी असतील तर त्यांतील राळ उन्हाने वितळून हलक्या रंगावर पिवळसर डाग पाडते. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे दोन पातळ हात गाठीपुरते देऊन मग अस्तर लावावे.

लोखंडी खुर्चीचे काम सोपे आहे. सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढावा, पुसून कोरडी करावी आणि त्याच दिवशी झिंक फॉस्फेटचे किंवा रेड ऑक्साइडचे अस्तर द्यावे. एक रात्र उघडी ठेवली तरी दवाने पुन्हा गंज धरतो. रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. त्याची जुन्या शेंदरी अस्तराशी गल्लत करू नये. नळीच्या टोकांच्या टोप्या काढून पाहाव्यात, कारण खुर्च्या बाहेरून नव्हे तर आत साचलेल्या पाण्याने आतून कुजतात. नळीवर जस्ताचा मुलामा असेल तर तेलाचा एनॅमल (ऑइल पेंट) थेट लावू नये. जस्त आणि तेल यांच्यात साबणासारखा थर तयार होतो आणि वर्षभरात सगळा रंग सुटतो. जस्तासाठीचे वेगळे अस्तर लावून वर पाण्यात मिसळणारा रंग द्यावा.

घसरगुंडीचा रंग का सुटला, ते आता सांगतो. तिच्या तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ हा आकडा असेल, तर ती अनुक्रमे पॉलिएथिलीनची किंवा पॉलिप्रॉपिलीनची आहे. या प्लास्टिकच्या पृष्ठभागाला दुसरे काही धरून ठेवण्याची ताकद जवळजवळ नसते. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरत नाही, मण्यासारखा बसतो, आणि रंगाचेही तेच होते. तो वाळतो, त्याचा अखंड पडदा बनतो, पण तो पडदा प्लास्टिकवर नुसता पांघरलेला असतो. मूल घसरताना प्लास्टिक वाकते, पडदा वाकत नाही, आणि साल निघते. कारखान्यांत यावर छापण्याआधी पृष्ठभागावरून ज्योत किंवा विद्युतभार फिरवतात. घरच्या घरी ज्योतीचा प्रयोग करू नये. चिकटपणा वाढवणारे फवारे मिळतात, आणि बाजूच्या न वाकणाऱ्या फलकांवर ते बऱ्यापैकी काम देतात; घसरण्याच्या भागावर, पायऱ्यांवर आणि हाताने धरायच्या कठड्यावर मात्र काहीही करून रंग लावू नये.

माझा उपाय वेगळा आहे. मागच्या वर्षीचा रंग प्लास्टिकच्या खरवडणीने पूर्ण काढून घसरगुंडी धुऊन तिच्या मूळ रंगात ठेवावी आणि रंग द्यावा तो तिला जोडलेल्या फळीला. बाहेर टिकणाऱ्या प्लायवुडचे दोन फलक कापून, कडा गोल करून, सगळ्या बाजूंनी, विशेषतः कडांना, रंग देऊन ते बाजूच्या सपाट, वजन न पेलणाऱ्या भागाला रुंद वॉशर व गोल डोक्याच्या बोल्टांनी बसवावेत. दोरीने किंवा पट्ट्याने बांधू नयेत, कारण घसरगुंडीजवळची दोरी गळ्याला फास बसवू शकते. फलकाला फायदा असा की खेळ बदलला की फलक बदलता येतो. मात्र त्याआधी एक तपासणी करावी: प्लास्टिकवर नख ओढल्यास पांढरी पूड निघत असेल आणि वाकणाऱ्या जागी केसासारख्या भेगा दिसत असतील, तर उन्हाने ते ठिसूळ झाले आहे. अशी घसरगुंडी रंगवण्याची नव्हे, टाकून देण्याची असते.

रंगाच्या निवडीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. लाकडासाठी बाहेर वापरण्याचा, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक एनॅमल घ्यावा, अर्धचकाकीचा. लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते. ॲक्रिलिकचा पडदा त्याच्याबरोबर ताणला जातो, तर तेलाचा एनॅमल वर्षागणिक कडक होत जाऊन तडकतो. डब्यावर ‘वास कमी’ किंवा ‘पर्यावरणपूरक’ असे लिहिलेले असणे म्हणजे मुलांसाठी सुरक्षित असणे नव्हे. पाहायचे ते खेळण्यांच्या मानकाचा उल्लेख आहे का, ते. उदाहरणार्थ, ईएन ७१-३ या युरोपीय मानकात वाळलेल्या रंगाचा कीस जठरातील आम्लासारख्या पातळ आम्लात ठेवून त्यात शिसे, कॅडमियम यांसह १९ घटक किती उतरतात ते मोजले जाते. मुलांच्या सामानासाठी हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. बाहेरच्या अनेक रंगांत बुरशीनाशक मिसळलेले असते. भिंतीला ते उपयुक्त, पण तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडाच्या उंचीवर असलेल्या टेबलाच्या कडेला नको. फुली मारलेली ती कड मी बहुधा उघडीच ठेवतो, नाहीतर कच्च्या जवस तेलाचा अगदी पातळ हात देऊन पूर्ण मुरू देतो. ‘उकळलेले’ म्हणून मिळणारे जवस तेल नको, कारण त्यात वाळवण लवकर व्हावी म्हणून धातूंचे क्षार घातलेले असू शकतात. तेलाने भिजलेली चिंधी मात्र चुरगाळून ठेवू नये. तेल हवेशी संयोग पावताना तापते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पाण्यात बुडवून किंवा मोकळी पसरून वाळवून मगच टाकावी.

प्रमाणाचा अंदाज असा. ६० सेंटिमीटर चौरस टेबल आणि दोन बाक मिळून सुमारे अडीच-तीन चौरस मीटर क्षेत्र भरते. एक लिटर रंग एका हातासाठी दहा-बारा चौरस मीटर पुरतो, म्हणजे दोन हातांना अर्धा लिटर रंग आणि पाव लिटर अस्तर पुरेसे होते. लोक नेमके याच्या चौपट घेतात आणि उरलेला रंग संपवण्यासाठी तिसरा-चौथा हात देतात. जाड थर हा टिकाऊ थर नसतो. तापमान साधारण १० ते ३५ अंश सेल्सियस असताना, सावलीत, संध्याकाळचे दव पडण्याच्या कितीतरी आधी हात पूर्ण व्हावा. तासाभरात रंग हाताला लागत नाही, चारेक तासांत दुसरा हात देता येतो, पण पूर्ण कडकपणा यायला दोन ते तीन आठवडे लागतात. या दिवसांत टेबलावर ठेवलेले खेळणे उचलताना टर्रकन आवाज येतो आणि त्याच्या खालचा रंग खेळण्याबरोबर निघतो. मुलांना पंधरा दिवस थांबवणे हा या सगळ्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे, हे मी मान्य करतो. म्हणून बाक आणि टेबल एकाच वेळी रंगवू नये, म्हणजे एक वाळत असताना दुसरे खेळायला राहते.

रंग बसला की नाही याची परीक्षा टेबलाच्या खालच्या बाजूला घ्यावी. धारदार पात्याने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या चिरा पाडून पंचवीस चौकोन करावेत, वर चिकटपट्टी घट्ट दाबून एका झटक्यात ओढावी. एखाद-दुसरा चौकोन निघाला तर काळजी नाही. निम्मे निघाले तर खालचा थर कच्चा आहे, आणि वर चित्र काढण्यात श्रम घालू नयेत.

आता चित्रांचे. मी सुरुवातीच्या काळात एका टेबलावर मोठ्या हौसेने शेगडी रंगवली होती: चार बर्नर, त्यांच्या निळ्या ज्योती, बटणे, बटणांवरचे आकडे, बाजूला उकळणारे पातेले. मुलांनी दोन आठवडे भातुकली मांडली आणि नंतर ते टेबल कोपऱ्यात गेले. पुढच्या खेपेला वेळ नसल्यामुळे दुसऱ्या टेबलावर चार वर्तुळेच काढून दिली, दोन मोठी, दोन लहान. ती वर्तुळे शेगडी झाली, मग विहिरी, मग ढोल, ग्रह, गाडीची चाके आणि पैसे मोजण्याचे गल्ले. दोन वर्षांनी दुरुस्तीसाठी टेबल आले तेव्हा वर्तुळांच्या आतला रंग झिजून गेला होता आणि कडेची पानेफुले जशीच्या तशी होती. पूर्ण चित्र मुलाला एकच उत्तर सांगते, म्हणून ते लवकर संपते. शिल्पकार सायमन निकल्सन यांनी १९७१ साली ‘सुटे भाग’ ही कल्पना मांडली, तिचा गाभाही हाच: भोवतालात हलवता, जोडता, बदलता येण्याजोग्या गोष्टी जितक्या जास्त, तितके मूल अधिक काही निर्माण करते. रंग हलवता येत नाही. म्हणून त्याने जागा तेवढी आखून द्यावी आणि बाकीचे दगड, पाने, झाकणे, ठोकळे यांच्यावर सोपवावे.

टेबलाच्या मध्यभागी मारलेली मोठी फुली ती हीच. मधला निम्मा भाग एकरंगी, मोकळा ठेवावा आणि कडेने रस्ता न्यावा. रस्ता आठ सेंटिमीटर रुंद असावा, कारण मुलांच्या लहान धातूच्या गाड्या सुमारे सात सेंटिमीटर लांब व तीन सेंटिमीटर रुंद असतात आणि समोरासमोर आलेल्या दोन गाड्या एकमेकींजवळून जाऊ शकल्या की भांडण निम्म्याने कमी होते. रस्त्याला एक-दोन ठिकाणी टेबलाच्या कडेपर्यंत नेऊन तिथे तोडावे. तुटलेला रस्ता पुढे कुठे जातो हे मुले ठरवतात, आणि बहुधा तो बाकावर फळी टाकून पुढे जातो. बाकावर तोच रस्ता पुन्हा सुरू केला तर तीन वस्तूंची मिळून एक वस्ती होते.

आणखी एक बारीक गोष्ट. मुले टेबलाच्या चारही बाजूंना बसतात, म्हणून ज्याला ‘वर’ आणि ‘खाली’ आहे असे घर, झाड, चेहरा टेबलावर काढू नये. समोरच्या मुलाला ते कायम उलटे दिसते. वरून पाहिल्यासारखा नकाशा, वर्तुळे, नदी, ठिपके यांना उलटसुलट नसते. उभे घर, खिडकी, दुकानाचा गल्ला हे घसरगुंडीच्या फलकांसाठी राखून ठेवावे.

सात वर्षांच्या मुलाला नियमाचे खेळ हवे असतात. पाच सेंटिमीटरचे आठ गुणिले आठ चौकोन एका बाकावर सहसा मावत नाहीत, पण पाच सेंटिमीटर अंतराने नुसते ठिपके काढले तर त्यांवर फुली-गोळा, ठिपके जोडून चौकोन बांधणे आणि स्वतः शोधलेले, दर दहा मिनिटांनी नियम बदलणारे खेळ होतात. ठिपके पेन्सिलीच्या मागच्या रबराने उठवले की सगळे सारखे येतात, आणि हे काम मुलांकडून करून घेता येते. मुलांनी एनॅमलमध्ये हात बुडवू नयेत. त्यांच्यासाठी थोडा रंग बशीत काढून द्यावा आणि ठसे उठवू द्यावेत. वाकड्या ओळी तशाच राहू द्याव्यात.

सरळ रेषांसाठी मात्र एक युक्ती आहे. कागदी चिकटपट्टी लावल्यावर तिच्या कडेवरून आधी खालच्या थराचाच रंग पातळ फिरवावा. पट्टीखाली जो शिरायचा तो हाच रंग शिरतो आणि फट बंद होते; मग वर नवा रंग लावावा आणि तो पूर्ण वाळण्याआधी पट्टी तिरकी, स्वतःकडे ओढत काढावी. रेष चाकूने कापल्यासारखी येते.

रंगछटा निवडताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: ऊन रंग खाते आणि गडद रंग ऊन खातो. गेरू आणि पिवडी हे लोखंडाचे मातीरंग उन्हाला दाद देत नाहीत, फ्थॅलो जातीच्या कृत्रिम रंगद्रव्यांचे निळे-हिरवे रंगही चांगले टिकतात. चमचमणारे फ्लुरोसंट गुलाबी आणि पोपटी मात्र एका उन्हाळ्यात मळकट होतात. बसण्याच्या फळ्यांना नेहमी फिकट रंग द्यावा, कारण भर उन्हात काळ्या-निळ्या बाकावर उघडी मांडी टेकवणे म्हणजे चटका. गडद निळा वापरण्याची हौस असेल तर तो टेबलाच्या खालच्या बाजूला द्यावा. तिथे ऊन पोचत नाही, आणि मुले टेबलाखाली आडवी पडतात तेव्हा ते त्यांचे आकाश असते. त्यावर फिकट पिवळे ठिपके पुरेसे होतात.

खडूच्या फळ्याचा रंग हवा असल्यास तो फलकाच्या उभ्या, पावसापासून आडोशाच्या बाजूला द्यावा आणि तो रंग बाहेरच्या वापराचा आहे याची खात्री करावी. तीन दिवस वाळल्यावर खडू आडवा धरून संपूर्ण फळा पांढरा करावा आणि कोरड्या कापडाने पुसावा. छिद्रांत खडूची भुकटी बसते आणि पहिले लिहिलेले अक्षर कायमचे उमटत नाही. लोहचुंबक चिकटणारा रंग बाहेर वापरू नये. त्यात लोखंडाचा कीस असतो आणि पहिल्या पावसाळ्यात फळ्यावर तपकिरी ओघळ उतरतात.

चित्रांवर पारदर्शक थर द्यायचा का? रस्ता आणि वर्तुळे बाहेरच्या ॲक्रिलिकनेच काढली असतील तर गरज नाही. चित्रकलेच्या ॲक्रिलिकने काढली असतील तर अतिनील किरणांपासून रक्षण करणारा, पाण्यात मिसळणारा बाहेरचा पारदर्शक थर दोन पातळ हातांत द्यावा. पोस्टर कलर मात्र बाहेर वापरूच नयेत. वरचा थर देतानाच ते ब्रशखाली विरघळतात.

यानंतर वर्षातून एकदा सामान साबणपाण्याने धुऊन कडा, पायांचे तळ आणि स्क्रूंची डोकी पाहावीत. पापुद्रा दिसला की तेवढ्याच जागी घासून, अस्तर देऊन रंग लावावा. सगळे टेबल पुन्हा रंगवायला तीन-चार वर्षे तरी लागू नयेत. त्यासाठी प्रत्येक रंगाची एक छोटी काचेची बाटली काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून, वर तारीख आणि ‘रस्ता’, ‘बाक’, ‘आकाश’ असे नाव लिहून मुलांच्या हाताला न लागेल अशा सावलीच्या जागी ठेवावी.